घरचं मैदान, अंधेरी

३० सप्टेंबर १९७५ रोजी कोलकात्यात आयएफए शील्डची अंतिम लढत झाली आणि ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडवला. सचिनदेव बर्मन तेव्हा मुंबईत अंथरुणाला खिळले होते, शुद्ध हरपली होती. सांगतात ते असं, की मुलाने, म्हणजे राहुलदेवने, त्यांच्या कानाशी जाऊन हा निकाल मोठ्याने सांगितला आणि बर्मनदांनी डोळे उघडले. पुढच्या महिन्यात, ३१ ऑक्टोबरला, ते गेले. आता अशा गोष्टींना तिखटमीठ लागतंच. पण बर्मनदांचं ईस्ट बंगालवेड खरं होतं, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. १९४४ साली ते मुंबईत आले, इथेच नाव कमावलं, खारला बंगला केला, तीस वर्षं हिंदी सिनेमाला चाली दिल्या. संघ मात्र बदलला नाही. पूर्व बंगालातून आलेल्या माणसाचा संघ ईस्ट बंगाल, आणि तो खारला राहिला म्हणून बांद्र्याचा थोडाच होणार?

उपनगरांतल्या बहुतेक घरांची हीच रीत होती. घर इथे, संघ तिथे.

त्याला कारणही होतं. ही उपनगरं मुळात मुंबई नव्हतीच. महापालिकेची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत. म्हणजे बोरिवली-मुलुंडला मुंबई म्हणण्याला अजून पाऊण शतकही झालेलं नाही. जुनी वस्ती कोळ्यांची, आगऱ्यांची, ईस्ट इंडियनांची, भंडाऱ्यांची. मग फाळणीनंतर मुलुंडला सिंधी आले, घाटकोपरला गुजराती वाढले. फिल्मिस्तान गोरेगावात आणि फिल्मालय आंबोलीत उभं राहिलं, तशी बंगाली मंडळी अंधेरी-गोरेगावच्या बाजूला पांगली. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या खोल्या विकून कितीतरी मराठी कुटुंबं भांडुप, बोरिवली, दहिसरकडे सरकली. प्रत्येकाने येताना आपापला खेळ आणला. कोकणातल्या चाकरमान्याने कबड्डी आणली. गावाच्या नावाचं मंडळ, मंडळाच्या नावाचा संघ, आणि मे महिन्यात गावी गेल्यावर सामने. गोव्याहून आलेल्यांनी फुटबॉल आणला. धोबीतलावच्या त्यांच्या कूडांमधून, म्हणजे गावकीने चालवलेल्या सामायिक बिऱ्हाडांमधून, ही पोरं पुढे ऑर्लेमला नि बोरिवलीच्या आयसी कॉलनीत स्थिरावली, आणि चर्चच्या आवारात रविवारची मिसा आटोपली की चेंडू बाहेर निघायचा.

पाहायला मात्र सगळ्यांनाच दक्षिणेकडे जावं लागायचं. फुटबॉलचं देऊळ एकच, कूपरेज. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप तिथे भरायचा. सुरुवातीला गोऱ्या पलटणींची मक्तेदारी, ती १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने मोडली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस संघाने हा कप नेला. मुंबईचा कप, पण गर्दी व्हायची ती मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग, हैदराबाद, गोव्याचे संघ आले की. मुंबईतल्या बंगाल्याला वर्षातून एकदा आपलं गाव चर्चगेटच्या पलीकडे भेटायचं. प्राण यांच्यासारख्या फाळणीपूर्वीचं लाहोर सोडून आलेल्या नटाने पन्नासच्या दशकात डायनॅमोज नावाचा मुंबईचा संघ पदरमोड करून चालवला होता, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. असे हौशी विरळाच. बाकीचे संघ कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचे: टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र. खेळाडूला नोकरी मिळायची, कंपनीला नाव. प्रेक्षक म्हणजे त्याच कंपनीतले सहकारी, आणि तेही ऑफिस सुटलं तर. अशा संघावर कुणी जीव लावत नाही. लावला तरी संघ टिकेल याची हमी नसते. कांदिवलीत कारखाना असलेल्या महिंद्रने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. चार वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघच बंद केला. रोव्हर्स कप त्याआधीच इतिहासजमा झाला होता.

क्रिकेटचं काय, असं कुणी विचारेल. क्रिकेटमध्ये उपनगरांनी शहराला खेळाडू पुरवले. नागपुरात जन्मलेला रोहित शर्मा बोरिवलीत आजी-आजोबांकडे वाढला आणि दिनेश लाड सरांच्या नजरेस पडून त्यांच्या शाळेत गेला. डोंबिवलीहून अजिंक्य रहाणे आला. लोकलच्या डब्यात भलीमोठी किट बॅग घेऊन दाराशी उभा राहिलेला पोरगा हे दृश्य उपनगराइतकं कुठेच नेहमीचं नसेल. पण सामना बघायचा तर वानखेडे. बोरिवलीहून चर्चगेटला सवा तास. रणजीच्या सामन्याला तर स्टँडमध्ये माणसांपेक्षा कबुतरं जास्त. मुंबई जिंकली की उपनगराला अभिमान वाटायचा, नाही असं नाही. पण तो वर्तमानपत्रातून मिळालेला अभिमान. आपल्या स्टेशनावर उतरून चालत जाऊन आपल्या संघासाठी घसा बसवून घरी यावं, ही सोय उपनगराला नव्हतीच.

ती सोय ज्या जागी झाली, ती जागा मुळात खेळापेक्षा नाचगाण्यासाठी जास्त प्रसिद्ध होती. अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडवर महापालिकेने १९८८ मध्ये शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल उभारलं. १ नोव्हेंबर १९९६ रोजी तिथे मायकल जॅक्सन नाचला. शिव उद्योग सेनेसाठी निधी उभारायचा म्हणून तो कार्यक्रम होता आणि त्याच्या करमाफीचा वाद पुढे वर्षानुवर्षं कोर्टात चालला. पुढची वीस वर्षं अंधेरीकराला हे मैदान विचारलं की तो मायकल जॅक्सनच सांगायचा.

२०१४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ८ जूनला घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली. अकरा किलोमीटरहून थोडं जास्त अंतर आणि बारा स्टेशनं. पूर्व उपनगरातून पश्चिम उपनगरात जायला दादरला वळसा घालायचा किंवा साकीनाक्याला बसमध्ये म्हातारं व्हायचं, या दोन पर्यायांतून सुटका झाली. तिचं एक स्टेशन आझादनगर, क्रीडा संकुलाला अगदी लागून. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली, तिच्यात मुंबई सिटी नावाचा संघ होता. मालक रणबीर कपूर आणि बिमल पारेख. आठ शहरांचे आठ संघ, पण मालकांची वाटणी मोठी मजेशीर होती. मुंबईकर जॉन अब्राहमकडे ईशान्येचा संघ, तर केरळच्या संघात सचिन तेंडुलकरची भागीदारी. रमेश तेंडुलकरांनी ज्यांच्या नावावरून मुलाचं नाव ठेवलं, त्या बर्मनदांनी जन्मभर संघ बदलला नाही; आणि हा साहित्य सहवासचा सचिन कोचीचा मालक! नव्या लीगमध्ये कोण कुठला हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, हेच खरं.

मुंबई सिटीची पहिली दोन वर्षं नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गेली. घरचा पहिलाच सामना पुण्याविरुद्ध ५-० असा जिंकला, आंद्रे मोरित्झने लीगमधली पहिली हॅटट्रिक केली. दुसऱ्या वर्षी निकोलस अनेल्का खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. तरी तो संघ कुणाचा म्हणायचा? मुंबईचं नाव, नवी मुंबईचं मैदान, आणि हजारोंच्या स्टेडियममध्ये विखुरलेले प्रेक्षक. बोरिवलीहून नेरूळ म्हणजे बोरिवलीहून वसई-विरार करून परत येण्याइतका व्याप.

२०१६ मध्ये संघ अंधेरीला आला. मैदानाला मुंबई फुटबॉल अरीना असं नवं नाव मिळालं. त्याआधी ३ सप्टेंबरला भारताने इथे पोर्तो रिकोला ४-१ असं हरवलं. मुंबईत सहा दशकांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना होत होता. याआधीचा १९५५ चा, कूपरेजवर, सोव्हिएत संघाविरुद्ध. पहिला गोल पाहुण्यांनी केला, मग नारायण दास, सुनील छेत्री, जेजे लालपेखलुआ, जॅकीचंद सिंग यांनी एकेक केला. नावं वाचली तरी लक्षात येतं की त्या चौघांतला एकही जण मुंबईचा नव्हता. टाळ्या मात्र अंधेरीच्या होत्या.

अरीना लहान आहे, दहा हजार माणसंही मावत नाहीत. हेच त्याचं भाग्य ठरलं. नेरूळला जे चार हजार जण हरवल्यासारखे वाटले असते, ते इथे चाळीस हजारांचा आवाज करतात. खेळाडूने घातलेली शिवी पहिल्या रांगेत ऐकू येते. त्या मोसमात दिएगो फोर्लान आला. २०१० च्या विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू, उरुग्वेचा, वय सदतीस. १९ नोव्हेंबरला त्याने केरळ ब्लास्टर्सविरुद्ध अंधेरीत हॅटट्रिक केली आणि मुंबई ५-० जिंकली. मुंबईत मल्याळी किती आहेत हे जनगणनेपेक्षा केरळच्या सामन्याला जास्त कळतं. पिवळ्या जर्सींनी स्टँडचा मोठा तुकडा भरतो आणि घरचा संघ कुठला असा क्षणभर प्रश्न पडतो. ही मंडळी बर्मनदांच्या परंपरेतली. घर इथे, संघ तिथे. त्यांना हसायचं कारण नाही. मराठी माणूस न्यू जर्सीत बसून मुंबई इंडियन्सचा सामना पहाटे उठून बघतो, तो दुसरं काय करतो?

तर २०१६ च्या साखळीत मुंबई पहिली आली आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरली. पहिल्या लढतीत ३-२, त्यात फोर्लानला लाल कार्ड, आणि अंधेरीतली परतीची लढत ०-०. घरच्या मैदानावर हताश होऊन गप्प बसायची वेळ पहिल्यांदा आली ती तेव्हा. माझं मत विचाराल तर प्रेक्षक त्या शून्य-शून्यने पक्का झाला. पाच गोलांना टाळ्या कुणीही वाजवतो.

याच सुमारास शहरातला दुसरा संघ मरत होता. मुंबई एफसी २००७ मध्ये स्थापन झाला, आय-लीगमध्ये कूपरेजवर खेळायचा, पिवळी जर्सी घालणारे त्याचे मूठभर पण पक्के पाठीराखे होते. कुवेतमध्ये जन्मलेला, मुंबईत खेळून मोठा झालेला खालिद जमील अनेक वर्षं त्याचा प्रशिक्षक. २०१६ मध्ये तो मिझोरामच्या ऐझॉलला गेला. २०१६-१७ च्या मोसमात ऐझॉलने आय-लीग जिंकली आणि मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर फेकला गेला. पुन्हा उभा राहिलाच नाही. जो माणूस या शहराने आपला मानायला हवा होता, त्याने दुसऱ्याच्या डोंगरावर जाऊन झेंडा लावला. तोच खालिद २०२५ मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला.

आता २०१८ चा जून. भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चायनीज तैपेई यांची इंटरकाँटिनेंटल स्पर्धा अंधेरीत होती. १ जूनला भारताने तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक झाली, आणि सामन्याला अधिकृत हजेरी लागली २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक छोटी चित्रफीत टाकली. कॅमेऱ्यासमोर एकटा उभा, हात जोडून. युरोपचे संघ बघणाऱ्यांनो, आम्ही त्या दर्जाचे नाही हे कबूल. पण मैदानावर या, टीका करा, शिव्या द्या, तोंडावर ओरडा, फक्त या, असा त्याचा आशय. देशाच्या कर्णधाराला प्रेक्षक मागावे लागले, याची लाज वाटावी की त्याने मागितले याचं कौतुक करावं, हे लोकांना ठरवता येईना; तिकिटं मात्र धडाधड संपली. विराट कोहली, सचिन यांनीही आवाहन पुढे नेलं.

४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना छेत्रीचा शंभरावा. त्याचा गौरव करायला बायचुंग भूतिया आणि आय. एम. विजयन आले होते. आणि पाऊस आला. मुंबईचा जूनमधला पाऊस म्हणजे सांगायलाच नको. मैदानावर तळी साचली, पास अर्ध्यावर थांबायला लागले, छत्र्यांचा उपयोग संपला. स्टँड गच्च भरलेलाच राहिला. पूर्वार्धात गोल नाही. मग ६८ व्या मिनिटाला छेत्रीची पेनल्टी, पाठोपाठ जेजेचा गोल आणि शेवटी पुन्हा छेत्री. ३-०. त्या चिंब भिजलेल्या गर्दीत बंगाली, मल्याळी, मणिपुरी, गोवेकर, गुजराती, मराठी सगळे होते, पण त्या रात्री कुणालाच कुणाच्या गावाची चौकशी करावीशी वाटली नसेल. भारताचा सामना होता म्हणून, असं म्हणता येईल. मला वाटतं, तेवढंच नव्हतं. छेत्री दोन मोसम मुंबई सिटीकडून खेळला होता आणि अंधेरीच्या गवतावर त्याला लोकांनी पाहिलेलं होतं. हाक ओळखीच्या माणसाने मारली होती. १० जूनच्या अंतिम सामन्यात केनियाविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच. त्या दिवशी त्याचे आंतरराष्ट्रीय गोल झाले ६४, मेस्सीइतके.

पुढच्या वर्षी, १७ मार्च २०१९ ला, लीगचा अंतिम सामनाच अंधेरीत झाला. मुंबई त्यात नव्हती. उपांत्य फेरीत गोव्याने याच मैदानावर ५-१ ने कातडी सोलली होती. बंगळुरू आणि गोवा जादा वेळेपर्यंत ०-० असे अडकले. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर एका बचावपटूने डोकं घातलं आणि बंगळुरू जिंकलं. तो बचावपटू राहुल भेके. मुंबईचा मराठी मुलगा. मुंबई एफसीत खेळला, मग पोटापाण्यासाठी ईस्ट बंगालला गेला, तिथून बंगळुरूला. मुंबईत येणाऱ्यांच्या कहाण्या आपण खूप सांगतो. या शहरातून फुटबॉलसाठी बाहेर जावं लागलेल्यांच्या कुणी सांगत नाही. भेकेने आयुष्यातला सर्वांत मोठा गोल आपल्याच शहरात केला, तोही पाहुण्याच्या जर्सीत.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग घेतले. पैसा आला, प्रशिक्षक म्हणून गोव्याहून सर्जिओ लोबेरा आला, त्याच्याबरोबर म्हापशाचा मंदार राव देसाई आणि आणखी तिघे आले. आणि मग करोना आला. २०२०-२१ चा सगळा मोसम गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. त्याच मोसमात मुंबईने साखळीची शील्ड जिंकली आणि १३ मार्च २०२१ ला मडगावच्या फातोर्ड्यावर ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगच्या गोलवर मोहन बागानला २-१ ने हरवून कपही जिंकला. एकाच मोसमात दोन्ही मिळवणारा पहिला संघ. अंधेरीकरांनी हे सगळं घरात टीव्हीसमोर पाहिलं. पुढचा मोसमही गोव्यातच. अडीच वर्षं अरीनावर लीगचा एकही सामना नाही, आणि नेमक्या याच काळात संघ मोठा झाला.

भेके २०२१ मध्ये परत आला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना होता. मुंबई एका गोलने मागे. मौरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ७५ व्या मिनिटाला पुन्हा एकदा कॉर्नर, पुन्हा एकदा भेकेचं डोकं. २-१. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. या खेपेला जर्सी आकाशी होती.

मग तो कर्णधार झाला. २०२२-२३ मध्ये अंधेरीत सामने परतले, संघ सलग अठरा सामने अपराजित राहिला, मिझोरामचा लालियानझुआला छांगते लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, साठ हजारांवर बंगाली प्रेक्षकांसमोर, मुंबईने मोहन बागानला ३-१ ने हरवलं. तीनच आठवड्यांपूर्वी त्याच मैदानावर त्याच बागानने शील्ड हिसकावली होती. पूर्वार्धात मागे पडूनही डियाझ, बिपिन आणि व्होयतुश यांनी गोल केले. कप भेकेने उचलला. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या पाठीराख्यांच्या गटाला त्या रात्री काय वाटलं असेल ते सांगायला नको. आणि अंधेरी-गोरेगावातल्या कुणा दुसऱ्या पिढीतल्या बंगाली पोराने बाबांच्या बागानविरुद्ध मुंबईच्या गोलवर सोफ्यावरून उडी मारली असेल, तर बर्मनदांची रीत तिथे पहिल्यांदा उलटी झाली. घर इथे, संघही इथेच.

या सगळ्याची बेरीज मोठी नाही. अरीना प्रत्येक सामन्याला भरत नाही. मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर संघाला तळाची चार ओळींची जागा मिळते. क्लब स्वतःला आयलँडर्स म्हणवतो आणि खेळतो मात्र साष्टीत, जी जुन्या सात बेटांत कधी नव्हतीच. २०२४ मध्येच भेके पुन्हा बंगळुरूला गेला. २०२५ च्या जुलैत महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातल्या करारावरून लीगच लटकली, मोसम वेळेवर सुरू झाला नाही. मुंबईत फुटबॉलचे संघ प्रेक्षक नव्हते म्हणून बंद पडले असं सांगतात. महिंद्र आणि मुंबई एफसी यांचा इतिहास पाहिला तर संघ बंद करताना प्रेक्षकांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच दिसतं.

म्हणून उपनगरातल्या वाचकाला एक सांगणं. अंधेरीत पुढचा सामना जाहीर होईल तेव्हा एकदा जा. घाटकोपरहून थेट मेट्रो आहे, मुलुंडकराने घाटकोपरला बदलावी, बोरिवलीकराने अंधेरीला. आझादनगरला उतरलं की मैदान समोरच आहे. मुलांना घेऊन जा. त्यांना संघ निवडायला तुमच्या गावाचा आधार लागत नाही.